नीरजा काय करते

त्या मंगळवारी टोरोंटोच्या लायब्ररीत जे झालं ते सांगण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत वाचन-गटातली नेहमीची नऊ-दहा माणसं टेबलाभोवती बसली होती. गट चालवणाऱ्या लिंडाने हातातली जपानी कादंबरी मिटली, इंग्रजी भाषांतरच होतं ते, आणि ती म्हणाली, "जॉइस, आता तू सांग. तिकडे खरंच असं असतं का? सगळ्यांनी सगळ्यांसारखंच वागायचं?" सगळ्या माना जॉइस निशिमुराकडे वळल्या. जॉइस चौऱ्याहत्तर वर्षांची, अंगाने काडी, पांढरे केस कानाखाली सरळ कापलेले. तिने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, परत घातला. "मला काय माहीत," ती म्हणाली, "मी हॅमिल्टनची." लिंडा गोरीमोरी झाली, "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स" म्हणाली, कोणीतरी घाईघाईने भाषांतराच्या भाषेचा विषय काढला आणि चर्चा पुढे गेली. पण कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या प्रमिलाला पुढचं काही ऐकू आलं नाही. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि एकदम जमीनच लागावी, तसं तिला झालं. असं म्हणता येतं, हे तिला या देशातल्या पंचेचाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

माना तिच्याकडेही वळल्या होत्या, शेकडो वेळा. बहात्तर सालच्या नोव्हेंबरात ती नवऱ्याच्या, हेमचंद्रांच्या, मागोमाग टोरोंटोला आली आणि पुढच्याच वर्षी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली. मिरजेची मुलगी, मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी झालेली. पहिल्या दिवशी सुपरवायझरने तिचं नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि "पॅम चालेल ना?" असं विचारलं. चाललं. मग रोज दुपारी लंचरूममध्ये माना वळायच्या. पॅम, तुमच्याकडे लग्नाआधी नवरा बघतच नाहीत का? पॅम, रस्त्यात गाय बसली तर बस थांबते का? तिने कशालाच नाही म्हटलं नाही. ज्या काश्मीरला ती गेली नव्हती त्याच्याबद्दल बोलली, ज्या केरळचं पाणी प्यायली नव्हती तिथल्या जेवणाबद्दल बोलली. "इन अवर कल्चर" एवढं म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप यायचं आणि समोरचे चेहरे समाधानी व्हायचे. पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असला की "पॅम, समोसे आणशील ना?" हे ठरलेलं. मिरजेच्या त्यांच्या घरी समोसा कधी झालाच नव्हता. तिने तो एका पंजाबी शेजारणीकडून इथे येऊन शिकून घेतला, तीन रविवार कणकेचा आणि मैद्याचा चिखल करून. पुढे तीस वर्षं समोसे नेले. रिटायर झाली तेव्हा भाषणात बॉसने तिच्या कामाबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि समोशांबद्दल सहा. तिला त्याचा अपमान वाटला नाही, उलट बरंच वाटलं. आपली एक खुर्ची ठरलेली आहे, आपण तिच्यावर बसलेलो आहोत, कोणाला अडचण नाही. परक्या गावात माणसाला आणखी काय हवं असतं, असं तेव्हा वाटायचं.

ती जपानी कादंबरीसुद्धा एका खुर्चीचीच होती. लहानशा शहरातल्या विम्याच्या ऑफिसातली एक बाई. तिथल्या सगळ्या बायका बारा वाजून दहा मिनिटांनी खिडकीजवळच्या लांब टेबलावर आपापले डबे उघडतात. एके दिवशी ही बाई काही कारण नसताना डबा घेऊन मागच्या जिन्यावर जाऊन बसते. भांडण झालेलं नसतं, काही बिनसलेलं नसतं. तिला फक्त जिन्यावर बसून खावंसं वाटतं. कोणी तिला एका शब्दाने बोलत नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून सगळ्या तिच्याशी जास्तच हळुवार वागू लागतात. टेबलावर कोणीतरी गोड वड्यांचा पुडा ठेवून जातं. कोणी आईची तब्येत विचारतं. साहेब म्हणतात, हवी तर रजा घ्या. शेवटी अडीचशे पानांनंतर ती परत टेबलावर येऊन बसते, शेजारची बाई लोणच्याची वाटी तिच्याकडे सरकवते, सगळ्या कशावर तरी हसतात आणि तीही हसते. गटात यावर बराच वाद झाला. डग नावाचा रिटायर्ड मास्तर म्हणाला, हे सगळं फारच जपानी आहे, मी तर जन्मभर जिन्यावरच बसलो असतो. प्रमिला नेहमीप्रमाणे म्हणाली, "आय अ‍ॅग्री विथ लिंडा." पण घरी वाचताना, वड्यांचा पुडा येतो त्या पानावर, तिने पुस्तक मिटलं होतं आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली होती. तो पुडा तिच्या ओळखीचा होता. इथल्या मराठी मंडळात दीनानाथांच्या मुलाचा घटस्फोट झाला तेव्हा कोणी त्यांना काही म्हटलं नव्हतं. गणपतीत त्यांच्यासाठी खुर्ची धरून ठेवायचे, त्यांच्याशी बोलताना आवाज खाली आणायचे, आजाऱ्याशी बोलावं तसे. वर्षभरात दीनानाथ आणि त्यांची बायको यायचे बंद झाले. आम्ही तर त्यांना कधी एक शब्दानेही दुखावलं नाही, असं सगळे अजूनही सांगतात, आणि ते खरंच आहे. त्या खालच्या आवाजात बोलणाऱ्यांत प्रमिलाही होती.

हेमचंद्र गाडी घेऊन आपल्या पंच्याहत्तरीसाठी हॉल बघायला गेले होते, म्हणून ती बसस्टॉपवर उभी राहिली. सप्टेंबर संपत आला होता, पण ऊन अजून अंगाला लागत होतं. जरा वेळाने जॉइसही आली. दोघी आठ महिने एका गटात होत्या आणि हवामानापलीकडे कधी बोलल्या नव्हत्या. आज प्रमिलाने विचारलं, "तू रागावलीस का मघाशी?" जॉइसने मान हलवली. "रागावले नाही. कंटाळले." मग बस येईपर्यंत तिने सांगितलं, ते असं सांगितलं की जसं काही किराणा कुठे स्वस्त मिळतो ते सांगतेय. तिचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला, कॅनडातल्या जपान्यांना डांबलं होतं त्या डोंगरातल्या छावणीतला. तिचे आई-वडील व्हँकुव्हरजवळ मासेमारी करणारे. सरकारने बोट घेतली, घर घेतलं. युद्ध संपल्यावर सांगितलं, एक तर पूर्वेकडे जा नाही तर जपानला जा. ते हॅमिल्टनला आले. वडिलांनी घरात दोन नियम केले. जपानी बोलायचं नाही, आणि ज्या गल्लीत दुसरं जपानी घर असेल तिथे राहायचं नाही. "आम्ही इतके कॅनेडियन झालो की काय सांगू. शाळेत सगळ्यांत जोरात राष्ट्रगीत मी म्हणायचे," जॉइस म्हणाली. "मग अठ्ठ्याऐंशी साली सरकारने माफी मागितली आणि लोक मला विचारायला लागले, जॉइस, शाळेत येऊन मुलांना ओरिगामी दाखवतेस का? मला कुठली येतेय. लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी कागदाचा बगळा शिकले." प्रमिलाला हसू आलं. तिने समोशाची गोष्ट सांगितली. जॉइस हसता हसता स्टॉपच्या बाकावर बसली. "आणि चांगले होतात?" तिने विचारलं. "फार चांगले होतात," प्रमिला म्हणाली. "मला आवडत नाहीत, पण चांगले होतात." हे वाक्य तिने याआधी कोणासमोर उच्चारलं नव्हतं, हेमचंद्रांसमोरसुद्धा नाही.

बसमध्ये खिडकीशी बसून ती विचार करत राहिली, पण विचार जॉइसचा नव्हता, नीरजाचा होता. नीरजा त्यांची एकुलती एक मुलगी, एकोणचाळीस वर्षांची. वॉटरलू युनिव्हर्सिटीत शिकली, टोरोंटोत एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात सहा वर्षं होती, कॉन्डोही बघून ठेवला होता. मग दोन हजार आठ साली एका रविवारी जेवताना म्हणाली, मी सोडतेय, मी इलेक्ट्रिशियन होणार. हेमचंद्रांनी आमटीत बुडवलेला घास तसाच ठेवला. ते स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर, वीज कंपनीत तेहतीस वर्षं काढलेले. "म्हणजे वायरमन?" ते म्हणाले. "मी ज्यांना कामं सांगायचो, ते?" नीरजा म्हणाली, "हो बाबा. एग्झॅक्टली ते." ती वेस्टला गेली, व्हँकुव्हरजवळच्या सरेत राहिली, चार वर्षं उमेदवारी करून लायसन्स काढलं. घरी कोणी आरडाओरडा केला नाही. त्या घराची ती पद्धत नव्हती. मंडळाच्या कोजागिरीला रवींद्र, हृदयाचे डॉक्टर आणि हेमचंद्रांचे सर्वांत जुने मित्र, यांनी विचारलं, "नीरजा काय करते सध्या?" हेमचंद्र म्हणाले, "ती व्हँकुव्हरला असते. इलेक्ट्रिकलमध्ये." रवींद्र म्हणाले, "अरे वा, बापाच्या वळणावर गेली. इंजिनिअरिंग फर्म का?" आणि हेमचंद्रांनी दुधाचा पेला तोंडाला लावला. प्रमिला शेजारीच होती. तिनेही काही म्हटलं नाही. खोटं असं दोघांतलं कोणी बोललंच नव्हतं, फक्त दुसऱ्याने बोललेलं खोडलं नव्हतं. पुढे ते आपोआप वाढत गेलं. एकदा फर्म मोठी झाली, एकदा प्रमोशन मिळालं, एकदा तर कोणीतरी आपल्या भाच्याला तिच्याकडे रेझ्युमे पाठवायला सांगितलं, तेव्हा प्रमिलाने आयत्या वेळी सांगितलं की त्यांच्याकडे सध्या भरती बंद आहे. नीरजाला हे सगळं कळलं होतं. कधी कळलं, कोणाकडून, ते प्रमिलाने विचारलं नाही. एवढंच की दर रविवारच्या फोनवर नीरजा हवेबद्दल बोलायची, हायकिंगबद्दल बोलायची, मांजराबद्दल बोलायची, आणि कामाबद्दल अक्षर काढायची नाही. नऊ वर्षांत प्रमिलाने आपल्या मुलीच्या हातात पकड पाहिली नव्हती. ती सकाळी किती वाजता उठते, डोक्यावर काय घालते, शिडीवर चढते की जमिनीवर वाकते, काही ठाऊक नव्हतं. लॅबमध्ये दुसऱ्यांच्या रक्तात काय वाढतंय ते प्रमिला अठ्ठेचाळीस तासांत सांगायची.

ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी हेमचंद्रांची पंच्याहत्तरी होती. नीरजा शुक्रवारी आली. एअरपोर्टवर दिसली तेव्हा प्रमिलाच्या मनात आलं, हिचे खांदे केवढे भरलेत. मग पाहिलं की उजव्या हाताच्या करंगळीचं नख काळं पडलंय. "काय गं हे?" "नथिंग, आई. दार लागलं," नीरजा म्हणाली, आणि दोघींना माहीत होतं की ते दाराने झालेलं नाही. शनिवारी दुपारी हॉलमध्ये ऐंशी माणसं जमली. नीरजा मोरपंखी साडीत होती, नऊवारी-पाचवारीतलं तिला काही कळत नसे, पिना सगळ्या प्रमिलानेच लावल्या होत्या. ओवाळणं झालं, सोन्याची अंगठी घालून झाली, भाषणं झाली. जेवताना एका टेबलावर रवींद्र होते, मिल्टनहून आलेली प्रभा होती, तिचा मुलगा शैलेंद्र आणि सून गुंजन होती. प्रभा प्रमिलाची तीस वर्षांपासूनची मैत्रीण, नवरा गेल्यापासून मुलाकडे राहणारी. शैलेंद्र नव्या घराबद्दल तक्रार करत होता, बेसमेंटमध्ये हीटर लावला की अर्धे दिवे जातात, बिल्डरला ईमेलवर ईमेल केल्या तरी माणूस येत नाही. नीरजा मान वर करून ऐकत होती. तिचे ओठ काही विचारायला उघडलेले प्रमिलाने पाहिले. तेवढ्यात रवींद्र मधेच म्हणाले, "अरे, इथे एवढी मोठी एक्स्पर्ट बसलीय. नीरजा, अजून त्याच फर्ममध्ये का गं? डिझाइन साइडला?"

प्रमिलाने हेमचंद्रांकडे पाहिलं. ते गळ्यातला हार सारखा करत होते. नीरजाने आधी वडिलांकडे पाहिलं, मग आईकडे. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. काहीतरी तपासून पाहिल्यासारखं तिने पाहिलं, आणि मग म्हणाली, "हो अंकल. सेम फर्म. मोस्टली प्रोजेक्ट्स." आणि हसली. मान किंचित कलती करून, ओठ न उघडता, नाकातून एक छोटंसं हसू. नीरजा कधी अशी हसायची नाही. लहानपणी ती हसली की वरच्या मजल्यावर ऐकू जायचं, मंडळाच्या नाटकात एकदा तिच्या हसण्याने संवाद थांबले होते. हे हसू प्रमिलाचं होतं. लंचरूममधलं, पॉटलकमधलं, कोजागिरीच्या दुधाच्या पेल्याआडचं. ते आपण बाहेरून कधी पाहिलेलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. इतकं व्यवस्थित होतं ते, इतकं बिनचूक. मुलीला भाषा दिली नाही, शाळेतल्या बाई म्हणाल्या घरी इंग्रजीच बोला म्हणून चार वर्षं मराठी बंद ठेवलं. पदार्थ दिले नाहीत, स्तोत्रं दिली नाहीत. हे मात्र न शिकवता दिलं. पोर नऊ वर्षं जिन्यावर बसली होती, आणि आज आई-बापांसाठी टेबलावर येऊन बसली. शैलेंद्र म्हणाला, "डिझाइनवाल्यांना हे छोटं काम काय सांगायचं," आणि सगळे हसले. प्रमिला हसली नाही. कोणाच्या ते लक्षात आलं नाही. श्रीखंड वाढायला आलेल्या बाईंना तिने नको म्हटलं.

रविवारी सकाळी साडेनऊला प्रभाचा फोन आला. कार्यक्रम छान झाला, मसालेभात कोणाकडून आणला होता, वगैरे. मग म्हणाली, काल रात्री पुन्हा दिवे गेले, आणि यावेळी कसला तरी वास आला, गुंजन घाबरलीय, लाँग वीकएंडला इलेक्ट्रिशियन मिळत नाही. प्रमिला स्वयंपाकघरात उभी होती. समोर टेबलाशी हेमचंद्र चहा घेत होते. तिने मनात काही ठरवलं नव्हतं. नंतर तिने पुष्कळदा आठवून पाहिलं, ठरवलं असतं तर बोलताच आलं नसतं.

"आमच्या नीरजाला आणते," ती म्हणाली. "ती इलेक्ट्रिशियन आहे."

"हो गं, पण ती म्हणजे इंजिनिअर ना. तिला हे असलं..."

"इंजिनिअर नाही, प्रभा. इलेक्ट्रिशियन. घरात वायरिंग करतात ना, ते. नऊ वर्षं झाली. आम्हीच सांगितलं नाही कोणाला."

पलीकडून प्रभाचा आवाज आला, आणि तो खाली आला होता. "असू दे हं," ती म्हणाली. "असू दे, प्रमिला. अगं, आजकाल सगळंच असतं. तू मनाला लावून घेऊ नकोस." आला पुडा, प्रमिलाच्या मनात आलं. तिने ओट्याला हात टेकवला. पण आवाज खाली आला म्हणजे काय होतं, हे आता समोर उभं होतं, आणि ती अजून उभीच होती. "मी मनाला लावलेलं नाही," ती म्हणाली. "अकरापर्यंत येतो आम्ही. तोवर तो हीटर लावू नका."

फोन ठेवला तेव्हा हेमचंद्रांचा चहा निवला होता. "कालच माझी पंच्याहत्तरी झाली," ते म्हणाले. "आठवडाभर थांबायचं होतंस."

"नऊ वर्षं थांबलो की."

"आता लोक मला विचारतील."

"मग सांगा."

"काय सांगू?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट त्यात एक प्रकारची असहाय्यता होती, जी प्रमिलाने त्यांच्यात फार कमी वेळा पाहिली होती. "ती नक्की काय काम करते, घरांमध्ये करते की कारखान्यात, हाताखाली माणसं आहेत की ती कोणाच्या हाताखाली, मला काहीच ठाऊक नाही. मी कधी विचारलंच नाही."

नीरजा दारात उभी होती. केव्हापासून, कळलं नाही. अंगात जुना वॉटरलूचा स्वेटशर्ट, केस ओले. "आई," ती म्हणाली, "यू टोल्ड देम?"

"हो."

"मला विचारलंस का?"

प्रमिलाला वाटलं होतं की ती येऊन गळ्यात पडेल. तसं वाटलं होतं हे तिला आत्ता, या प्रश्नानंतर कळलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

"काल मी लाय केलं, तुमच्यासाठी केलं," नीरजा म्हणाली. "इट वॉज हार्ड. पण मी डिसाइड केलं की बाबाचा दिवस आहे. अँड यू जस्ट... आज सकाळी तू ते खोडून टाकलंस. तेव्हाही मला कोणी विचारलं नाही, आत्ताही नाही. तुला हलकं वाटत असेल, आई. मला नाही वाटत."

इन अवर कल्चर आया अशाच असतात, असं काहीतरी जुन्या सवयीने जिभेवर आलं आणि तिने ते गिळलं. "खरं आहे," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं. तुला यायचं नसेल तर मी फोन करून सांगते, येत नाही म्हणून."

नीरजा खिडकीबाहेर बघत राहिली. शेजारचा माणूस पानं गोळा करत होता. "कसला वास म्हणाली?" तिने विचारलं.

"जळल्यासारखा. प्लास्टिकचा."

"जीझस. दे आर स्लीपिंग ओव्हर दॅट." ती वळली आणि मोजे घालायला लागली. "माझ्याकडे टूल्स नाहीत इथे."

हेमचंद्र उठले. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज झाला. ते बेसमेंटमध्ये गेले, खाली काहीतरी सरकवल्याचं ऐकू आलं, आणि दहा मिनिटांनी ते दोन्ही हातांनी आपली हिरवी टूलबॉक्स वर घेऊन आले. ते ती गाडीत ठेवून आले. परत येऊन बसले आणि कालच्या भेटकार्डांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. "त्यातला टेस्टर चांगला आहे," एवढंच ते नीरजाला म्हणाले, आणि जरा थांबून, "बॅटरी बघून घे."

मिल्टनपर्यंत नीरजाने गाडी चालवली. चारशे-एक हायवेवरून उतरल्यावर शेतं आणि त्यांच्या मधोमध उगवलेल्या एकसारख्या घरांच्या रांगा लागल्या, तेच छप्पर, तोच गॅरेजचा दरवाजा, तीच एक बारीक मेपलची काठी दर अंगणात. शैलेंद्रचं घर त्यांना नंबरावरूनच शोधावं लागलं. दारात प्रभा उभी होती. तिने प्रमिलाचे दोन्ही हात हातात घेतले आणि नको तितका वेळ धरून ठेवले. "नीरजाला खायला काय आवडतं गं?" तिने विचारलं, दवाखान्यात आल्यासारखं. "तिलाच विचार ना," प्रमिला म्हणाली. प्रभाने विचारलं नाही. तिने शिरा करून ठेवला होता. प्रमिलाला दिसलं की हे आता असंच राहणार. गणपतीत, संक्रांतीत, दर फोनवर. कदाचित वर्षभर, कदाचित कायमचं. भीती वाटली, पण काल वाटत होती तेवढी नाही.

नीरजा तोवर शैलेंद्रला प्रश्न विचारत खाली गेलीसुद्धा होती. कुठला हीटर, किती वेळ, कुठले दिवे. "शैलेंद्र, ऐक, इथलं, ओंटॅरियोचं लायसन्स माझ्याकडे नाही," ती त्याला सांगत होती, "त्यामुळे मी काहीही दुरुस्त करणार नाही. मी फक्त बघणार, आणि बिल्डरला काय लिहायचं ते सांगणार. ओके?" शैलेंद्र "ओके, ओके" म्हणत होता आणि त्याच्या आवाजात एक वेगळाच अदबशीरपणा आला होता, साडीतल्या इंजिनिअरशी बोलताना तो नव्हता. नीरजाने पॅनेलमधला एक खटका खाली पाडला आणि बेसमेंट अंधारलं. वरच्या छोट्या खिडकीतून थोडा राखाडी उजेड येत होता तेवढाच. तिने टेस्टर लावून पाहिला, पुन्हा एकदा लावून पाहिला, मग भिंतीशी गुडघे टेकून बसली. "आई, टॉर्च धर. इथे. जरा खाली."

प्रमिला तिच्यामागे वाकून उभी राहिली आणि तिने टॉर्च धरला. नीरजाने भिंतीतल्या खोक्यावरचं झाकण काढलं, वायरींचा गुंता दोन बोटांनी हळूच बाहेर ओढला. तिचे हात घाई करत नव्हते. एक वायर बाजूला घ्यायची, पाहायची, सोडायची, पुढची घ्यायची. काळ्या नखाची करंगळी कशालाही लागणार नाही अशी ती वर धरत होती. प्रमिलाला वाटलं, मायक्रोस्कोपखालची काच सरकवताना आपणही अशाच असू. पण हे आपल्याकडून आलेलं नाही, हे तिचं तिनेच कमावलंय, आणि त्या विचाराने तिला वाईट वाटलं नाही. "धिस वन," नीरजा म्हणाली. "ही सैल आहे. बघ, वरचं प्लास्टिक पिवळं झालंय. इट्स बीन कुकिंग." तिने शैलेंद्रला फोटो काढायला लावले, खटका वर करायचा नाही म्हणून बजावलं, बिल्डरच्या इमर्जन्सी नंबरवर आत्ताच फोन कर म्हणाली. तो जिन्याने धावत वर गेला. वर प्रभाची पावलं ऐकू आली, बश्यांचा आवाज आला. दोघीच खाली राहिल्या. नीरजा बाकीच्या वायरी तपासत होती आणि प्रत्येक वायर पाहून झाली की एक आकडा पुटपुटत होती. तिच्या खांद्यावरून टॉर्चचा उजेड बरोबर तिच्या बोटांवर पडत होता. प्रमिलाचा दंड भरून आला, मग खांदा दुखायला लागला, मग मनगट थरथरायला लागलं. ती तशीच उभी राहिली. लॅबमध्ये बारा-बारा तास ती अशी उभी राहिली होती, पहिल्या हिवाळ्यात बसस्टॉपवर राहिली होती, आणि कोणी विचारलं की आय अ‍ॅम फाइन म्हणाली होती. उजेड किंचित हलला. नीरजाचे हात थांबले.

"नीरजा," प्रमिला म्हणाली, "हात दुखतोय माझा. थांब, मी हात बदलते."

"बदल ना," नीरजा भिंतीकडे पाहतच म्हणाली. "त्यात विचारायचं काय."